सामानाच्या खोलीचं दार

घर बांधायचं म्हटलं की माणसं आधी मिस्त्री शोधतात, मग सिमेंटचा भाव विचारतात, आणि नकाशाची मंजुरी नावाची एक भानगड असते हे त्यांना पाया खणून झाल्यावर कळतं. मग ती घामाघूम होऊन नगर कार्यालयासमोरच्या गल्लीत येतात आणि झेरॉक्सच्या दुकानात विचारतात, "त्या नकाशेबाई कुठे बसतात हो?" झेरॉक्सवाला मान वर न करता समोरचं घर दाखवतो. ही त्याची इतकी सवय झाली आहे की कुणी दवाखाना विचारला तरी त्याचा हात आधी तिकडेच जातो.

नकाशेबाई घरीच बसायच्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं मोठं उतरतं टेबल, टेबलाशेजारी गुंडाळ्यांनी भरलेलं पिंप आणि भिंतीला एक दिवाण. दिवसा त्या दिवाणावर गिऱ्हाइकं बसत आणि रात्री बाई झोपत. मुलगा शाळेत असतानाच नवरा गेला. तेव्हा ज्या इंजिनिअरकडे त्या नकाशे गिरवायचं काम करत होत्या, त्याने काम घरी न्यायला परवानगी दिली. पुढे नकाशावर सही इंजिनिअरची आणि हात बाईंचा, असं ठरूनच गेलं. कुणी नकाशाबद्दल काही विचारलं तर इंजिनिअरच म्हणायचा, "ते बाईंना विचारा, मला काय माहीत?"

कंप्युटर बाईंनी पन्नाशी उलटल्यावर शिकून घेतला, पण पहिला नकाशा कागदावर पेन्सिलीनेच व्हायचा. आणि पेन्सिल हातात घेण्याआधी त्या गिऱ्हाइकाची अशी उलटतपासणी घ्यायच्या की वकिलाने शिकून जावं. घरात कोण कोण आहे? पहाटे कोण उठतं? घोरतं कोण? एकदा एक व्यापारी भडकला. म्हणाला, "मला बांधकामाची परवानगी हवी आहे बाई, औषध नको." बाई शांतपणे म्हणाल्या, "घोरणाऱ्याच्या भिंतीला परीक्षेला बसलेल्या पोरीची खोली आली, की वर्षभरात ती भिंत पाडायची परवानगी मागायला तुम्ही माझ्याकडेच याल. मला काय, माझं काम वाढेल." व्यापाऱ्याने मग सगळं सांगितलं. घोरणारा तोच होता.

दोन जावांचं जराही पटत नव्हतं आणि स्वयंपाकघर एकच, अशा एका घरात बाईंनी त्या स्वयंपाकघराला समोरासमोर दोन दारं काढली आणि अर्जात लिहिलं, 'हवा खेळती राहण्यासाठी.' हवा खेळती राहिली, भांडणंही राहिली. पण एक आली की दुसरीला निघून जायला वाट मिळाली, आणि घर टिकलं.

अशा या बाईंचा आयुष्यभर एकाच माणसाशी सामना होता. नगर कार्यालयात येणारा प्रत्येक नकाशा ज्यांच्या टेबलावरून पुढे जायचा, त्या तपासनीस साहेबांशी. सगळा गाव त्यांना त्रुटीसाहेब म्हणायचा, कारण त्यांनी त्रुटी काढली नाही असा नकाशा कुणी पाहिला नव्हता. लाल शाईत, बारीक अक्षरात शेरा, आणि शेऱ्यासमोर नियमाचं कलम. कलमाशिवाय त्या माणसाने कधी स्वल्पविरामही दिला नसेल. घरी चहात साखर कमी पडली तरी आधी कलम शोधत असतील, असं लोक म्हणत.

"बाई, जिन्याची पायरी अर्धा इंच जास्त उंच आहे."

"साहेब, ज्या मापात नकाशा काढलाय त्यात पेन्सिलीची रेघच अर्ध्या इंचाची होते!"

"मग टोक करा पेन्सिलीला."

बाई तणतणत घरी यायच्या, पायरी सुधारायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे हजर. लोकांना वाटायचं, दोघांचं विळ्याभोपळ्याचं नातं आहे. लोकांना काय, काहीही वाटतं. एकदा साहेब आजारी पडले आणि त्यांच्या जागी बसलेल्या तात्पुरत्या माणसाने बाईंची फाईल एकही शेरा न मारता मंजूर केली. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. बाईंनी आख्खी संध्याकाळ ती फाईल स्वतःच तपासली आणि साहेब कामावर परत आल्यावर तक्रार केली, "तुमच्या जागेवरच्या त्या माणसाने माझा नकाशा वाचलाच नाही."

"काही चुकलं होतं का त्यात?"

"नाही."

"मग?"

"वाचला नाही ना पण!"

साहेबांनी मान डोलावली. त्यांना ते बरोबर समजलं.

तर अशा या नकाशेबाईंवर स्वतःच्या घराचा नकाशा काढायची वेळ आली. मुलाचं लग्न झालं होतं, सून औषधाच्या दुकानात कामाला जायची आणि आता तिला दिवस गेले होते. दोन खोल्यांचं घर पुरणार नव्हतं. वर एक मजला चढवायचा आणि खालचं घर मोडून नीट करायचं ठरलं. घर बाईंच्या नावावर, म्हणून अर्जदार बाई. नकाशा काढणार बाई. सही करायला इंजिनिअर होताच, तो डोळे मिटून करायचा.

जागा म्हणजे रुमालाएवढी. मागच्या बाजूला शेजाऱ्यांचं घर भिंतीला भिंत लावून उभं. बाकीच्या बाजूंना नियमाप्रमाणे मोकळी पट्टी सोडायची. त्यात मुलाला जिना घरातून हवा होता. "पावसात भिजत वर झोपायला जायचं का?" सुनेला वर गॅलरी हवी होती, बाळाचे कपडे वाळत घालायला. दोघांनाही बसायची खोली मोठी हवी होती, येणंजाणं वाढणार म्हणून. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, दोन आठवडे खाडाखोड केली आणि सगळं बसवलं. सगळ्यांचं मागणं बसवलं आणि उरलेल्या जागेत स्वतःला बसवलं.

उरलेली जागा होती जिन्यामागच्या कोपऱ्यात. एका बाजूला जिना, दोन बाजूंना घरातल्याच भिंती आणि मागे शेजाऱ्यांची भिंत. खिडकी काढायला कुठेच वाव नाही. आणि नियम असा की झोपायच्या खोलीला मोकळ्या जागेत उघडणारी खिडकी हवीच. सामानाच्या खोलीला नसली तरी चालते. म्हणून बाईंनी त्या चौकोनात सुबक अक्षरात लिहिलं, 'सामानाची खोली.' एकदा मंजुरी मिळाली की आपला पलंग तिथे टाकायचा. आत काय ठेवलंय ते बघायला कोण येतंय?

यात नवल काही नाही. असं सगळेच करतात. नकाशावरच्या सामानाच्या खोल्यांमधून किती आत्या, किती मावश्या आणि किती सासवा झोपतात याची मोजदाद कुठल्याच कार्यालयात नसते. पण बाई आपल्या गिऱ्हाइकांना ते कधी करू द्यायच्या नाहीत. "माणसाला सामान म्हणायचं असेल तर दुसरा नकाशेवाला गाठा," असं त्यांनी भल्याभल्यांना सुनावलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सुनेने विचारलं नाही असं नाही. "आई, तुमचं झोपायचं कुठे धरलंय?" बाई म्हणाल्या, "मला काय गं, दिवाण आहे, कुठेही पडेन." सुनेला त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ मळमळायचं, तिने तेवढ्यावर सोडलं. मुलाने तर नकाशा उघडलाच नाही. आईने काढलाय म्हणजे बघायचं काय, असं त्याला वाटलं. त्याचा तरी दोष कसा म्हणायचा? ज्या घरात आयुष्यभर नकाशांच्या ढिगातून वाट काढत जेवायला बसावं लागतं, तिथे नकाशा कोण बघतो?

फाईल गेली आणि थोड्याच दिवसांत परत आली. त्रुटी असणार हे बाईंना माहीत होतंच. किंबहुना त्या उत्सुकच होत्या, स्वतःच्या नकाशात साहेबांना काय सापडतं म्हणून. टेबलावर कागद पसरून त्यांनी चष्मा लावला. लाल शाईत एकच ओळ होती. 'तळमजल्यावरील सामानाच्या खोलीस खिडकी दाखवावी.'

पुढे कलम नव्हतं.

बाईंनी कागद उलटा केला, मागे बघितलं. मागेही नव्हतं. सोबतची पानं चाळली. मग त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. नकाशाची गुंडाळी काखेत मारून त्या घरातल्याच चपलांवर रस्ता ओलांडून कार्यालयात शिरल्या.

"साहेब, हा शेरा कुठल्या कलमाखाली?"

"बसा, बाई."

"बसायला नाही आले. कलम सांगा."

"कलम नाही."

शेजारच्या टेबलावरची कारकूनबाई कागदांना टाचण्या लावत होती. तिचा हात थांबला. या टेबलावरून हे दोन शब्द तिने आजवर ऐकले नव्हते.

"म्हणजे सामानाच्या खोलीला खिडकी लागत नाही हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे."

"मग हे काय आहे? मस्करी?"

साहेबांनी गुंडाळी घेतली, टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर हाताला येतील त्या वस्तू ठेवल्या आणि पेनाचं टोपण नेमकं त्या खोलीच्या दारावर टेकवलं. नकाशात दार काढतात तेव्हा ते कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला एक लहानशी कमान काढतात. घराच्या मालकांना ती कमान म्हणजे नक्षी वाटते. तिच्याकडे कुणी बघत नाही.

"हे दार आत उघडतंय," साहेब म्हणाले.

"मग?"

"सामानाच्या खोलीचं दार तुम्ही कायम बाहेर उघडता. आत खोकी रचली की दार अडतं, म्हणून. माझ्याशी भांडून मला पटवलं होतं तुम्ही ते. हे आत उघडतंय, आणि उघडून या भिंतीला टेकतंय. बिजागऱ्या तुम्ही मुद्दाम इकडे घेतल्यात. म्हणजे पलंग तिकडच्या भिंतीला आहे, आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी दार यायला नको."

बाई खुर्चीवर बसल्या.

त्यांची सवय होती ती. कुठलीही झोपायची खोली असो, त्या आधी पेन्सिलीने पलंग काढायच्या, मग पलंगावरच्या माणसाला त्रास होणार नाही असं दार काढायच्या आणि शेवटी पलंग खोडून टाकायच्या. इथेही तसंच झालं होतं. खोलीचं नाव लिहिताना त्यांनी व्यवस्थित खोटं लिहिलं. दार मात्र हाताने आपल्या सवयीने काढलं, आणि हात काही खोटं बोलला नाही. आख्ख्या कार्यालयात हे वाचू शकणारा एकच माणूस होता आणि नेमक्या त्याच्याच टेबलावर कागद आला होता.

"चुकून झालं असेल," बाई म्हणाल्या.

"तुमच्याकडून?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "अर्जदार तुम्ही आहात. घरात माणसं किती ते अर्जात लिहिलंय. झोपायच्या खोल्या मी मोजल्या. बाई, मला तो नकाशा पास करवला नाही."

"तुम्हाला काय करायचंय? कुणाचीही फाईल असती तर..."

"कुणाचीही असती तर केली असती. नियमात बसते." एवढं बोलून साहेब उगाचच खणात काहीतरी शोधू लागले. खणात काही नव्हतं.

बाईंना आता राग आणावा की काय करावं ते सुचेना. त्यांनी गुंडाळी ओढून घेतली. "दार बाहेर उघडणारं करून आणते. मग तर तुम्हाला पास करावंच लागेल."

"लागेल," साहेब म्हणाले. "आणाल तर करीन. पण यापुढे तुमची कुठलीही सामानाची खोली आली की मी विचार करत बसेन, इथे कोण झोपतंय म्हणून."

दार बदलणं म्हणजे मिनिटाचं काम. एक कमान खोडायची, दुसरी काढायची. बाई टेबलाशी बसल्या, रबर हातात घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. आपल्याला कुणी पकडलं याची लाज वाटत होती, आणि कुणीतरी बघितलं याचं त्याहून जास्त बरं वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा माणसाच्या हातून काम होत नाही.

सून दुकानातून आली तेव्हा नकाशा तसाच पसरलेला होता. लाल ओळ लांबूनही दिसत होती.

"अय्या, तुमच्या स्वतःच्या नकाशात त्रुटी!" ती हसत पुढे आली आणि वाकून वाचू लागली. "सामानाची खोली... कुठेय ही? आपल्याला इतकं सामान कुठलं आलं?"

"असतं काहीबाही," बाई म्हणाल्या.

सुनेचं बोट खोलीवरून बसायच्या खोलीवर गेलं, तिथून पुढच्या भिंतीवर. औषधाच्या दुकानात ती रोज डॉक्टरांची अक्षरं लावायची. नकाशा लावायला तिला कितीसा वेळ लागणार? "आई, यात दिवाण कुठे बसतो? इथे तर दोन्ही बाजूंना दारं आहेत."

बाई रबर पुसत बसल्या.

"आई?"

मग सुनेने नवऱ्याला हाक मारली, आणि अशी मारली की तो एका पायात चप्पल घालून आला. त्याला नकाशा दाखवून ती म्हणाली, "बघ. नीट बघ. मी माहेरी काय सांगू? की माझी सासू जिन्याखाली झोपते?"

"जिन्याखाली नाही गं," बाई सवयीने म्हणाल्या, "जिन्यामागे."

सुनेला रडू येत होतं, त्यातच हसू फुटलं आणि ती खाली दिवाणावर बसली. मुलगा मात्र हसला नाही. तो बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी शिक्षकांनी उभं केल्यावर व्हायचे तसे.

"आम्हाला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही लगेच हो म्हणाला असता," बाई म्हणाल्या. एरवी नियमांवर तासभर बोलणाऱ्या बाईंना आता एकेक वाक्य जड जात होतं. "हो म्हणाला असता, आणि गॅलरी गेली असती. मग कधीतरी पावसात कपडे वाळायचे नाहीत, तेव्हा तुम्हाला आठवलं असतं की गॅलरी आईमुळे गेली. तुम्ही बोलला नसता. पण आठवलं असतं. मी इतक्या घरांचे नकाशे काढलेत रे. घरातलं म्हातारं माणूस सगळ्यांना हवंच असतं. त्याला लागणारी जागा मात्र कुणाला सोडवत नाही. मला भीती वाटली."

सुनेने बाईंचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"जिना बाहेर घे," मुलगा म्हणाला.

"भिजशील."

"भिजेन. मिठाचा आहे का मी? तू घे."

जिना बाहेर घेणं बोलायला सोपं. मोकळ्या पट्टीत तो घेता येत नव्हता, म्हणजे घरच तेवढं आत सरकवायला हवं. बसायची खोली आखूड झाली, गॅलरी अर्धी राहिली, बाईंचं मोठं टेबल पुढच्या खोलीतून उठलं. पण जिना हलल्याबरोबर कोपऱ्यातल्या खोलीची एक आख्खी बाजू मोकळी झाली, लांबलचक, उजेडाची. बाईंनी तिथे खिडकी काढली. नियमाला पुरेल एवढी, त्यावर एक बोटही जास्त नाही.

"ही मोरीची आहे का?" सुनेने विचारलं.

"नियमाप्रमाणे आहे गं."

"आई, मोठी काढा. नाहीतर मी काढते, आणि मला रेघ सरळ येत नाही."

बाईंनी ती मोठी काढली. सून झोपायला गेल्यावर त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं आणि पेन्सिलीला छान टोक केलं.

नवा नकाशा बाई स्वतः घेऊन गेल्या. साहेबांनी नेहमीसारखा पहिल्यापासून वाचला. मोकळी पट्टी मोजली, जिन्याची पायरी मोजली, गॅलरी मोजली. कोपऱ्यातल्या खोलीत आता 'झोपायची खोली' असं लिहिलं होतं. तिथे त्यांची मोजपट्टी थांबली.

"हिला दोन खिडक्या आहेत."

"आहेत."

"नियमाने एक पुरते."

"माहीत आहे मला."

"मग?"

बाईंनी पदर सारखा केला. आयुष्यभर त्या या टेबलाशी दुसऱ्यांसाठी भांडल्या होत्या आणि कधी अडखळल्या नव्हत्या.

"पहिली सुनेने मोठी काढायला लावली," त्या म्हणाल्या. "दुसरी मला हवी आहे."

आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या टेबलांवरच्या माणसांनी वळून पाहिलं. साहेबांनी लाल पेन बाजूला ठेवलं आणि शिक्का उचलला.